विश्लेषण : शिकागो बुल्सने संघ मोडून नव्याने उभारावा की सबुरी धरावी?

३९ विजय आणि ४३ पराभव. शिकागो बुल्सचा २०२३-२४चा हंगाम या आकड्यांवर संपला आणि २०२४-२५चाही नेमका याच आकड्यांवर. त्याच्या आदल्या वर्षी विजय होते ४०. सलग तीन वर्षे हा संघ एनबीएच्या मुख्य बाद फेरीच्या दारापर्यंत गेला आणि तिन्ही वेळा मायामी हीटकडून हरून माघारी फिरला. मायकल जॉर्डनच्या काळात सहा अजिंक्यपदे जिंकलेल्या संघाची ही अवस्था. २१ ऑक्टोबर २०२५ पासून एनबीएचा नवा हंगाम सुरू होत असताना शिकागोत जुनाच वाद नव्याने पेटला. आहे तो संघ मोडून पायापासून उभारणी करायची, की तरुण खेळाडूंना वेळ देत वाट पाहायची?

मधल्या पायरीवर अडकणे वाईट का?

एनबीएत ३० संघ आहेत. प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. पूर्व आणि पश्चिम विभागांतील पहिले सहा संघ थेट बाद फेरीत जातात, तर सातव्या ते दहाव्या क्रमांकाच्या संघांना उरलेल्या जागांसाठी ‘प्ले-इन’ लढती खेळाव्या लागतात. २०२३ ते २०२५ ही तीन वर्षे बुल्सचा मुक्काम इथेच होता. एकदा दहावा क्रमांक, दोनदा नववा.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींना यात काय मोठे बिघडले असे वाटू शकते. आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्स २०२२ आणि २०२४ मध्ये तळाला होती आणि २०२५ मध्ये क्वालिफायर-२ पर्यंत पोहोचली. पण तिथे दर काही वर्षांनी महालिलाव होतो, बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात आणि सर्वांच्या हातात सारखीच रक्कम असते. तळाच्या संघाला जादा पैसे मिळत नाहीत. एनबीएत तसे नाही. तिथे दरवर्षी महाविद्यालयांतून, परदेशी लीगमधून येणारे नवे खेळाडू ‘ड्राफ्ट’मधून वाटले जातात आणि निवडीत पुढचा क्रमांक मिळण्याची शक्यता हरणाऱ्या संघांना अधिक असते. पहिल्या फेरीत निवडलेला खेळाडू पहिली चार वर्षे ठरावीक आणि तुलनेने कमी मानधनात हाती राहतो. बास्केटबॉलमध्ये मैदानावर पाचच जण असतात. त्यामुळे एकच असामान्य खेळाडू संघाचे नशीब जितके बदलतो, तितके क्रिकेट किंवा फुटबॉलमध्ये सहसा बदलत नाही.

शिवाय इथे युरोपीय फुटबॉलसारखी खालच्या श्रेणीत घसरण्याची भीती नाही. म्हणजे हरण्याला शिक्षा नाही, बक्षीस मात्र आहे. ज्यांना ना विजेतेपद परवडते ना तळ, ते मधले संघ दोन्हीकडून मारले जातात. या बक्षिसासाठी मुद्दाम कमकुवत संघ उतरवण्याला अमेरिकेत ‘टँकिंग’ म्हणतात.

मग तळ गाठला की हिरा मिळतोच का?

नाही, आणि आता तर पूर्वीइतकाही नाही. पहिल्या चार निवडी कोणाच्या हे सोडतीने ठरते. म्हाडाच्या घरांची सोडत महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथे फरक इतकाच की, हरणाऱ्याच्या नावावर चिठ्ठ्या जास्त असतात. १ ते १४ क्रमांकांच्या चेंडूंतून चार चेंडू काढले जातात. त्यांच्या १००१ जोड्या होतात. एक बाजूला ठेवून उरलेल्या हजार जोड्या बाद फेरी हुकलेल्या १४ संघांत वाटल्या जातात. पूर्वी सर्वांत वाईट संघाकडे यातील २५० असत. हेतुपुरस्सर हरण्याला आळा घालण्यासाठी २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारख्याच, १४०, देण्यात येतात. म्हणजे सर्वांत वाईट संघालाही पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता केवळ १४ टक्के, आणि तो पाचव्या क्रमांकापर्यंत घसरू शकतो.

तसे घडतेही. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे तळाला होता; दोन्ही वेळा वाट्याला पाचवी निवड आली. २०२५ मध्ये युटा जॅझ सर्वांत वाईट, तोही पाचवा.

आणि याच २०२५च्या सोडतीत शिकागोचे दुखणे दडले आहे. बुल्स आणि डॅलस मॅव्हरिक्स दोघांचेही ३९ विजय. बरोबरी सोडवण्याचा कौल डॅलसच्या बाजूने गेला. त्यांना अकरावी जागा आणि १८ जोड्या, शिकागोला बारावी जागा आणि १७. पुढे सोडतीत डॅलसचीच जोडी निघाली आणि गेल्या काही वर्षांतील सर्वांत चर्चित तरुण खेळाडू कूपर फ्लॅग त्यांना मिळाला. बुल्सने बाराव्या क्रमांकावर फ्रान्सचा नोआ एसेंग निवडला. तळ न गाठताही हिरा मिळू शकतो याचा हा पुरावा, पण त्यावर संघाची योजना आखणे म्हणजे लॉटरीच्या तिकिटावर घराचे हप्ते ठरवणे.

बुल्सने याआधी हे करून पाहिले आहे का?

एकदा नव्हे, दोनदा. १९९८चे सहावे अजिंक्यपद जिंकल्यानंतर जॉर्डन, स्कॉटी पिपेन, डेनिस रॉडमन आणि प्रशिक्षक फिल जॅक्सन सगळेच बाहेर पडले. महाव्यवस्थापक जेरी क्राउस यांनी कोऱ्या पाटीवर सुरुवात केली. १९९९-२००० मध्ये १७ विजय, पुढच्या वर्षी १५. १९९९ मध्ये पहिल्या क्रमांकावर एल्टन ब्रँड मिळाला, तो वर्षातील सर्वोत्तम नवोदितांपैकी एक ठरला. पण दोनच वर्षांनी त्याला देऊन शाळेतून थेट आलेला टायसन चँडलर घेण्यात आला. अजून कच्च्या मुलासाठी तयार खेळाडूचा सौदा झाला. २००२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने निवडलेल्या जे विल्यम्सची कारकीर्द पुढच्याच वर्षी मोटरसायकल अपघाताने थांबली. बाद फेरी पुन्हा दिसायला २००५ उजाडले. सलग सहा हंगाम कोरडे गेले.

गंमत अशी की, जॉर्डननंतरचा शिकागोचा सर्वांत मोठा तारा या उभारणीतून आलाच नाही. २००८ मध्ये ३३ विजय मिळवणाऱ्या बुल्सकडे सोडतीत अवघी १.७ टक्के शक्यता होती. ती लागली आणि शिकागोतच वाढलेला डेरिक रोझ मिळाला. २०११ मध्ये तो एनबीएचा सर्वांत तरुण ‘सर्वोत्तम खेळाडू’ ठरला, संघाने ६२ सामने जिंकले. २०१२ मध्ये त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि ते पर्व ओसरले.

दुसरा प्रयत्न २०१७चा. जिमी बटलरला मिनेसोटाकडे धाडून बुल्सने झॅक लव्हीन, क्रिस डन आणि सातव्या क्रमांकाच्या निवडीतून लॉरी मार्केनन मिळवला. त्यानंतरच्या दोन हंगामांत विजय अनुक्रमे २७ आणि २२. इतके हरूनही सोडतीने हात आखडता घेतला. २०१८ मध्ये पुन्हा सातवी निवड, वेंडेल कार्टर. २०१९ मध्ये तीच सातवी, कोबी व्हाइट. २०२० मध्ये चौथी, पॅट्रिक विल्यम्स. यात वाईट कोणी नव्हते, पण संघ खांद्यावर घेणारा दिसत नव्हता.

घाई कुठे झाली?

इथेच या साऱ्या कथेचे वळण आहे. २०२० मध्ये आर्तुरस कार्निशोव्हास यांच्याकडे संघाची सूत्रे आली. मार्च २०२१ मध्ये, उभारणी सुरू होऊन चार वर्षेही झाली नसताना, त्यांनी निकोला वुचेविचसाठी कार्टर आणि पहिल्या फेरीच्या दोन निवडी ऑरलँडोला दिल्या. त्यांतल्या २०२१च्या निवडीतून, आठव्या क्रमांकावर, ऑरलँडोने फ्रान्झ वॅगनर उचलला. तो आज त्या संघाचा आधारस्तंभ आहे. त्याच उन्हाळ्यात मार्केनन क्लीव्हलँडला गेला, तिथून युटाला, आणि २०२३ मध्ये ऑलस्टार लढतीत खेळला. ज्या दोघांभोवती तरुण संघ उभा राहू शकला असता, त्यातला एक हातचा गेला आणि दुसऱ्याला निवडण्याची संधी गेली.

बदल्यात डमार डरोझन, लोंझो बॉल आणि अ‍ॅलेक्स करूसो आले. सुरुवातीला हा डाव जमला असेच वाटले. जानेवारी २०२२ मध्ये बुल्स पूर्व विभागात अव्वल होते. त्याच महिन्यात बॉलचा गुडघा गेला आणि तो दोन हंगामांहून अधिक काळ मैदानाबाहेर राहिला. संघ सहाव्या स्थानावर घसरला आणि पहिल्याच फेरीत मिलवॉकीकडून १-४ असा हरला.

दुखापतीला व्यवस्थापन जबाबदार नाही. पण नंतरच्या निर्णयांची जबाबदारी त्यांचीच. २०२२ मध्ये लव्हीनला पाच वर्षांसाठी सुमारे २१.५ कोटी डॉलरचा करार देण्यात आला. मग २०२२-२३ मध्ये आणि २०२३-२४ मध्ये जवळपास तोच संघ, बॉल परतेल या आशेवर, पुन्हा उतरवण्यात आला. डरोझन तिशीच्या मध्यावर, वुचेविच त्याच्या मागोमाग. तरुण खेळाडूंचा संघ वाट पाहतो तेव्हा तो वाढत असतो. तिशी ओलांडलेल्यांचा संघ वाट पाहतो तेव्हा त्याची किंमत दर महिन्याला उतरते. शिकागोत तेच झाले. डरोझन २०२४ मध्ये सॅक्रामेंटोला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये लव्हीनही तिथेच गेला, तेव्हा बुल्सच्या हाती ठोस असे आले ते काय, तर डरोझनला आणताना सॅन अँटोनियोला दिलेली स्वतःचीच २०२५ची निवड.

सर्वांत बोचरा सौदा करूसोचा. लीगमधील उत्कृष्ट बचावपटूंत गणल्या जाणाऱ्या या खेळाडूला जून २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटी थंडरकडे दिले. बदल्यात तरुण जोश गिडी. ड्राफ्टच्या निवडींचा अक्षरशः ढीग बाळगणाऱ्या थंडरकडून एकही निवड मागून घेता आली नाही. वर्षभरात थंडर विजेते झाले आणि करूसोच्या हाती चषक आला.

म्हणजे शिकागोने सबुरी हवी तेव्हा घाई केली आणि घाई हवी तेव्हा सबुरी. आजच्या वादात ‘मोडा’ म्हणणारे आणि ‘थांबा’ म्हणणारे एकमेकांवर तुटून पडतात, पण दोघांच्याही बोलण्यात हा हिशेब फारसा येत नाही.

ओक्लाहोमाने वेगळे काय केले?

थंडरचे उदाहरण उभारणीचे समर्थक हमखास देतात. मात्र ते नीट पाहायला हवे. २०१९ मध्ये त्यांनी पॉल जॉर्जला लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे पाठवून शे गिल्जस-अलेक्झांडर आणि पहिल्या फेरीच्या पाच निवडी मिळवल्या. जॉर्ज तेव्हा ऐन भरात होता. म्हणूनच इतकी किंमत आली. पुढच्या हंगामात संघ मोडीत निघेल असे सारे धरून चालले असताना ख्रिस पॉलच्या साथीने तो पश्चिम विभागात पाचवा आला. तेव्हाचे प्रशिक्षक बिली डोनोव्हन त्यानंतर ओक्लाहोमा सोडून कुठे आले, तर शिकागोला. २०२५-२६ हंगामाच्या सुरुवातीलाही ते बुल्सचे प्रशिक्षक होते.

त्यानंतर थंडरने दोन हंगाम खरोखर तळ गाठला, २२ आणि २४ विजय. २०२२ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने चेट होमग्रेन मिळाला. पण २०२५चा सर्वोत्तम खेळाडू गिल्जस-अलेक्झांडर सौद्यातून आलेला आणि दुसरा तारा जेलन विल्यम्स क्लिपर्सकडून मिळालेल्या निवडीवर, बाराव्या क्रमांकाने घेतलेला. तीन मुख्य खेळाडूंपैकी एकच हरण्याचे फळ. ६८ विजय आणि अजिंक्यपद उभे राहिले ते विकण्याच्या अचूक वेळेवर.

उलट टोकाला फिलाडेल्फिया. सॅम हिंकी यांनी २०१३ पासून पराभवालाच धोरण केले. १९, १८ आणि मग अवघे १० विजय. जोएल एम्बीड मिळाला, तो पुढे लीगचा सर्वोत्तम खेळाडूही झाला. पण २०१६ आणि २०१७ मध्ये लागोपाठ पहिल्या क्रमांकाने निवडलेले बेन सिमन्स आणि मार्केल फुल्ट्झ दोघेही तिथे टिकले नाहीत, आणि इतक्या त्यागानंतरही संघ दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेला नाही. हिंकी तर ते पाहायलाही उरले नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये १३ पानी पत्र लिहून ते बाहेर पडले.

न हरता बदल शक्य आहे का?

इंडियाना पेसर्सकडे पाहिले तर आहे. २०२१-२२ मध्ये हा संघही बुल्ससारखाच मध्यावर रेंगाळून घसरत होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी आपला सर्वांत चांगला, ऐन पंचविशीतला खेळाडू डोमान्तास सबोनिस सॅक्रामेंटोला दिला आणि २१ वर्षांचा टायरीस हॅलिबर्टन घेतला. त्या वर्षी २५ विजय, मग ३५, ४७, ५०. जानेवारी २०२४ मध्ये जमवलेल्या तीन निवडी देऊन पास्कल सियाकम आणला. २०२५ मध्ये हाच संघ अंतिम फेरीत थंडरविरुद्ध सातव्या सामन्यापर्यंत झुंजला. मुद्दाम हरण्याचा एकही हंगाम तोवर त्यांच्या खाती नव्हता. मात्र चाहत्यांचा लाडका खेळाडू विकण्याचे धाडस आहे.

मालकांना घाई का नाही?

कारण गल्ला भरलेला असतो. युनायटेड सेंटरची क्षमता सुमारे २१ हजार आणि प्रेक्षकसंख्येत शिकागो कायम वरच्या संघांत. १९८५ पासून संघ जेरी राइन्सडॉर्फ यांच्याकडे आहे. पगाराची मर्यादा ओलांडल्यास भरावा लागणारा जादा कर बुल्सने आजवर एकदाच, २०१२-१३ मध्ये, भरला. २०२५-२६ हंगामापासून एनबीएचा ११ वर्षांचा, सुमारे ७६ अब्ज डॉलरचा प्रसारण करार लागू झाला. त्यातला वाटा जिंकणाऱ्यालाही आणि हरणाऱ्यालाही सारखाच. बोस्टन सेल्टिक्ससारखा संघ २०२५ मध्ये ६ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकला गेला. अशा बाजारात मध्यावर राहणे हा मालकासाठी तोट्याचा धंदा नाही. तळ गाठला तर रिकाम्या खुर्च्यांची भीती, शिखरासाठी कराची. ३९ विजयांत दोन्ही टळते. चाहत्यांचा राग नेमका यावर आहे, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही.

सबुरीच्या बाजूने काही आहे की नाही?

आहे. लव्हीन गेल्यानंतर संघ तरुण आणि वेगवान झाला आणि २०२४-२५ हंगामातील शेवटच्या २० पैकी १५ सामने त्याने जिंकले. गिडीने त्या काळात गुण, रिबाउंड आणि पासेस या तिन्हींत दहाच्या आसपास किंवा त्याहून अधिक सरासरी राखली. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच्याशी चार वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला. २०२४ मध्ये अकराव्या क्रमांकाने निवडलेला मातास बुझेलिस विशीतला आहे आणि शिकागोच्याच उपनगरांत वाढलेला आहे. व्हाइटने सामन्यामागे २० गुणांची सरासरी गाठली.

पण हंगामाच्या शेवटच्या महिन्यातील विजयांवर किती विश्वास ठेवायचा? तेव्हा निम्मे प्रतिस्पर्धी सोडतीकडे डोळे लावून असतात, उरलेले प्रमुख खेळाडूंना विश्रांती देतात. त्या १५ विजयांनंतर प्ले-इनमध्ये, घरच्या मैदानावर, मायामीने बुल्सला ९०-१०९ असे सहज हरवले.

म्हणून २०२५-२६ मध्ये खरी तारीख हंगामाची सुरुवात नव्हे, तर फेब्रुवारीतील अदलाबदलीची अंतिम मुदत होती. हंगामाच्या सुरुवातीला ३५ वर्षांचा होणारा वुचेविच आणि २५ वर्षांचा व्हाइट या दोघांचेही करार २०२६च्या उन्हाळ्यात संपणार होते. वुचेविचला विकायला हवे होते त्याच्या तीन वर्षे आधी. तेव्हा मिळेल ते घ्यायला हवे होते. अवघड निर्णय व्हाइटचा. मागच्या उभारणीतून खऱ्या अर्थाने फळलेला तोच एक. त्याला पुढचा करार तेव्हाच्यापेक्षा बराच महागात द्यावा लागणार होता, आणि दुसऱ्या संघांना तो तेव्हा हवा होता. त्याला ठेवायचे तर त्याच्या जोडीने गिडी आणि बुझेलिस दोन-तीन वर्षांत कुठे पोहोचतील याचे उत्तर व्यवस्थापनाकडे हवे होते. ते नसते तर सबोनिसबाबत इंडियानाने केले तेच करावे लागणार होते. काहीही न करता त्याला करार संपेपर्यंत ठेवणे हा शिकागोचा जुना तिसरा मार्ग, आणि तोच सर्वांत महाग.

गिडी, बुझेलिस आणि एसेंग यांच्याबाबत मात्र सबुरीला पर्याय नाही. मार्केननला चारच हंगाम मिळाले होते, कार्टरला तेवढेही नाहीत.

बुल्सचा पहिला सामना २२ ऑक्टोबर २०२५ रोजी घरच्या मैदानावर होता, प्रतिस्पर्धी डेट्रॉइट पिस्टन्स. २०२३-२४ मध्ये हा संघ सलग २८ सामने हरला होता, वर्षभरात विजय होते १४. केड कनिंगहॅम आणि बाकीच्या मुलांना डेट्रॉइटने हलवले नाही. महाव्यवस्थापक आणि प्रशिक्षक बदलले, सोबतीला टोबायस हॅरिस, मलिक बीझली असे मुरलेले खेळाडू आणले. २०२४-२५ मध्ये त्यांनी ४४ सामने जिंकले.